तालुक्याच्या सांस्कृतिक भवनाला ५० वर्षं होतात, तीन दिवसांचा महोत्सव कसा आखावा?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातलं आमचं गाव. येत्या जानेवारीत इथल्या सांस्कृतिक भवनाला ५० वर्षं पूर्ण होतात. भवन नगर पंचायतीच्या ताब्यात, कार्यक्रम नागरिकांची समिती करणार. सभागृह साधारण ६० बाय ४० फूट, उंची १८ फूट, वर पत्रे, भिंती नुसत्या गिलाव्याच्या. रंगमंच लाकडी फळ्यांचा, काही फळ्या वाळवीनं पोखरल्या आहेत. मागे दीड एकराचं मोकळं पटांगण.

समितीतल्या बहुतेकांच्या मते बाहेरून ऑर्केस्ट्रा आणावा, सत्कार करावेत, संपलं. आम्हा चार-पाच जणांना वाटतं की इथल्याच कला आल्या पाहिजेत : झाडीपट्टीचं (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं) नाटक, दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य), खडी गंमत (शाहिरी तमाशासारखा प्रकार), रेला (गोंड-माडियांचा फेराचा नाच), खंजिरी भजन. शिवाय भवनाच्या खोलीत जुनी हँडबिलं, फोटो, कॅसेटी पडून आहेत, त्यांचं प्रदर्शन व्हावं. पैसा मर्यादित आहे. कशाला आधी हात घालावा, कार्यक्रम कसे लावावेत, आवाज-दिव्यांचं काय, जाणकारांनी नेमकं सांगावं. नाटक रात्रभर करता येईल का, हाही प्रश्न आहे.

---

विंगेतून

भाऊ, पहिला पैसा रंगमंचाच्या फळ्यांवर आणि वायरिंगवर टाका. ऑर्केस्ट्रा एका रात्रीत संपतो, फळ्या पुढची वीस वर्षं राहतात.

फळ्या वरून पाहून कळत नाही. खालचे आडवे दांडे तपासा. जाड सुईचा दाभण घेऊन दर फुटावर टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो दांडा बाद. दांड्यांतलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर मध्ये आणखी दांडे टाका आणि वरून १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूनं बसवा. खिळ्यानं बसवू नका. दहा-बारा जण एका ठेक्यावर पाय आपटतात तेव्हा खिळे हळूहळू वर येतात आणि अनवाणी नाचणाऱ्याच्या तळपायात जातात. दोन प्लायच्या सांध्याखाली दांडा आलाच पाहिजे, नाहीतर सांधा दबतो आणि ठेच लागते. वाळवीचं औषध नुसतं लाकडाला लावून पुरत नाही, दांडे जिथे भिंतीत शिरतात तिथे भिंतीला भोकं पाडून भरावं लागतं. वाळवी तिथूनच वर चढते. हे काम दिवाळीपूर्वी उरकलं तर वास जातो.

रंगमंचाची उंची मोजा. प्रेक्षक सातरंजीवर बसणार असतील तर त्यांची नजर जमिनीपासून अडीच फुटांवर असते. मंच साडेतीन-चार फूट असेल तर पुढच्या पाच-सहा ओळींना नटाचे पाय दिसतच नाहीत. नाटकाला ते चालून जातं, नाचाला नाही. म्हणून दंडार आणि रेला मंचावर घेऊच नका, पटांगणात घ्या. त्याबद्दल जाणकार खाली लिहितीलच.

आता आवाज. १८ फुटांचे पत्रे आणि नुसता गिलावा म्हणजे रिकाम्या सभागृहात शब्द पाच-सहा सेकंद घुमत राहणार. बोललेलं कळायला ही घुमण सव्वा सेकंदाच्या आत हवी. पण तीनशे माणसं बसली की त्यांचे कपडे-अंगच आवाज पितात, घुमण एकदम उतरते. त्यामुळे दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंडवाला जे बसवतो ते रात्री उलटं पडतं. दुपारी तो घुमण कमी करायला मधले सूर कापून ठेवतो, रात्री गर्दी भरली की गायकाचा आवाज बसका वाटतो, मग तो आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. उपाय स्वस्त आहे : प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर जाड कापडाचा चुणीदार पडदा, भिंतीपासून चार इंच सोडून. भिंतीच्या रुंदीच्या दीडपट कापड घ्या, म्हणजे चुण्या पडतात. भिंतीला चिकटवलेला पडदा निम्माही काम करत नाही. त्या भिंतीवरून परतणारा आवाज बंद झाला तरी निम्मं दुखणं जातं. स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली वळवून. पत्र्याकडे तोंड केलेला स्पीकर म्हणजे घुमणच वाढवणं.

बाजूची दारं फुकट्यांना अडवायला कुलूप लावून बंद करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती रीतच सोडून द्या. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, कडी आतून बोटानं निघाली पाहिजे. एबीसी पावडरची सहा किलोची विझवणी दोन्ही दारांपाशी, आणि मिक्सरजवळ कार्बन डायऑक्साइडची वेगळी. पावडर मिक्सरवर मारली तर आग विझते पण मिक्सरही कायमचा जातो.

---

झाडीची_माती

तुमच्या चार-पाच जणांचं बरोबर आहे, ठाम राहा. ज्या पट्ट्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीनं आहेत, त्या पट्ट्यातल्या भवनाची पन्नाशी बाहेरच्या ऑर्केस्ट्रानं साजरी करायची याला काही अर्थ नाही. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

नाटकाचं आधी ठरवा, कारण तारीख सर्वात आधी तिथे अडते. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावमेळे), जत्रा यांनी कंपन्यांच्या रात्री भरलेल्या असतात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर शर्यतींना परवानगी दिल्यावर शंकरपट पुन्हा भरू लागले, तेव्हापासून जानेवारीच्या तारखा आणखी ओढाताणीच्या झाल्या. त्यामुळे वडश्याला गणपती-दसऱ्याच्या दरम्यानच जाऊन या. करारात चार गोष्टी लेखी घ्या : कुठलं नाटक, नटसंचात कोण-कोण, पडदे-दिवे-साउंड कंपनीचं की तुमचं, आणि नट आजारी पडला तर बदली कोण. तिसरा मुद्दा सुटला की ऐन वेळी दोघांचं सामान येतं किंवा दोघांचंही येत नाही.

रात्रभराचं म्हणाल तर कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात. तुमचा दिवस त्या यादीत आहे का ते पाहून मगच महोत्सवाची तारीख पक्की करा. बंदिस्त सभागृहाला दहाची बंदी लागू नाही, मात्र आवारच्या सीमेवर आवाज आजूबाजूच्या पातळीपेक्षा दहा डेसिबलनं किंवा ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, यातलं जे कमी ते. म्हणजे नाटक भवनाच्या आत, दारं-खिडक्या लावून. संध्याकाळी सहाला पडदा उघडा, साडेअकरा-बाराला संपवा.

काही जण म्हणतील तीन तासांची आवृत्ती करून मागा. करू नका. झाडीपट्टीचं नाटक गाणं, विनोदी प्रवेश, लावणी आणि कथानक यांच्या फेऱ्यांवर उभं असतं. कापाकापीत पहिले विनोदी प्रवेश जातात, मग गाणी, आणि उरतं ते कथानकाचं हाड. हे नाटक प्रेक्षकाला अधूनमधून उठून चहा पिऊन यायला मोकळीक देतं, म्हणूनच ते सहा तास चालतं. वेळ आधी आणा, लांबी तशीच ठेवा. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, त्याची झेरॉक्स कंपनीकडून घेऊन पोलीस ठाण्याच्या अर्जाला जोडा.

दंडार पटांगणात, दिवस मावळताना. तिन्ही बाजूंना प्रेक्षक, चौथ्या बाजूला वादक. रेल्याचा घेर मोजून आखा : हातात हात घेऊन वीस जण म्हणजे अंदाजे सोळा फूट व्यास, पण पुढे-मागे सरकायला आणि घेर उघडायला तीस फुटांची मोकळी जागा लागते. दोरीनं वर्तुळ आखून चुन्याची रेघ मारा, नाहीतर गर्दी आत सरकत जाते. माती आदल्या दिवशी पाणी मारून दाबून घ्या. ऐन वेळी पाणी मारलं तर चिखल होतो, नाही मारलं तर धूळ उडून गाणाऱ्यांचे घसे बसतात. धानाच्या कापलेल्या धसकटांचे खुंट उरले असतील तर कुदळीनं काढून टाका, अनवाणी नाच आहे.

गोंड, माडिया बांधवांना बोलावताना एकट्या पथकप्रमुखाशी बोलून मोकळे होऊ नका. गावच्या पाटलाला आणि भूमकाला (पुजाऱ्याला) विचारा, कोणतं गाणं कोणत्या प्रसंगाचं ते समजून घ्या. काही गाणी लग्नाचीच, काही पेरणीची. कार्यक्रमात कोणतं चालेल हे तेच सांगतील. आणि त्यांना स्वागताला नाचवू नका. पाहुण्यांच्या गाडीपुढे उन्हात उभं करून नाचवणं हा त्या कलेचा अपमान आहे. त्यांचा स्वतःचा वेळ द्या, माहिती द्या, मानधन नाटक कंपनीच्या बरोबरीनं रोख त्याच दिवशी द्या.

खडी गंमत दुसऱ्या दिवशी ठेवा, तिथे शाहीर समोरच्या माणसांवर बोलतो. म्हणून प्रेक्षकांवर थोडा उजेड हवा, पूर्ण अंधार केला तर निम्मी मजा जाते. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय आहे, तिथे आतापासून प्रस्ताव टाका.

---

बांधावरचा

फार उपयोगी माहिती. विंगेतून भाऊ, खंजिरी भजनाचं साउंड नेहमी कर्कश होतं, त्याचं काही? आणि झाडीची माती, सत्कार किती ठेवावेत? यादी चाळीसवर गेली आहे.

---

विंगेतून

खंजिरीचं दुखणं माइकच्या दिशेत असतं. गायक खंजिरी छातीपुढे धरून वाजवतो आणि माइक समोरून सरळ लावलेला असतो, त्यामुळे झांजांचा आवाज तोंडाच्या आवाजाबरोबरच आत जातो. माइक खालून वर, ४५ अंशात तोंडाकडे तिरका लावा. हे माइक पाठीमागून फार कमी ऐकतात, आणि असं लावल्यावर खंजिरी बरोब्बर माइकच्या पाठीमागे येते. साधा डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. तरी टोचत असेल तर मिक्सरवर तीन ते पाच किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवा. पेटीला माइक मागच्या बाजूनं, भाता उघडतो तिथून हातभर दूर. ढोलकला दोन्ही तोंडांना दोन माइक दिले की बाकी सगळे बुडतात, एकच पुरतो.

जानेवारीच्या थंडीत दव पडलं की चामडं ढिलं होतं आणि ढोलक बदबद वाजतो. शेकोटीवर तापवतात तेव्हा मंडप आणि पडद्यांपासून किमान तीस फूट दूर, बाजूला पाण्याची बादली. एकाच जागी धरून तापवलं तर चामडं कडेला फाटतं, फिरवत राहायचं.

एक जपा : जुन्या खंजिरीला घोरपडीचं कातडं असू शकतं. घोरपड वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. अशी खंजिरी प्रदर्शनात मांडण्याआधी वनविभागाशी बोला. नव्या खंजिरीला बकरीचं कातडं किंवा फायबर असतं.

---

झाडीची_माती

चाळीस सत्कार म्हणजे काय ते मोजा. नाव पुकारणं, माणूस उठून मंचावर येणं, शाल, श्रीफळ, फोटो, उतरणं. एकेकाला अडीच मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं. तेवढ्यात पटांगण रिकामं होतं आणि त्यानंतरच्या नाटकाचा पडदा दीड तास उशिरा उघडतो.

मंचावर जास्तीत जास्त बारा, तेही तीन-तीनच्या गटात. उरलेल्यांना पहिल्या दिवशी सकाळी, कुटुंबासह, प्रदर्शनातच. तिथे वेळ असतो, माणूस बोलू शकतो. यादीत पडदा ओढणारे, रंगभूषा करणारे, गॅसबत्त्या भरणारे, तिकीट फाडणारे, भजनाच्या मंडळात झांज वाजवणाऱ्या आजी असायला हव्यात. बारामध्ये निम्मे असेच लोक ठेवा. उद्घाटनाचा दिवाही मंचामागे राबलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हातून लावा. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम थांबत नाही, हा त्याचा व्यवहारी फायदा.

तारखा ठरवताना नगर पंचायत-जिल्हा परिषद निवडणुकीची आचारसंहिता लागते का, ते तहसीलमध्ये विचारून घ्या. भवन सरकारी आहे, आचारसंहिता लागली की परवानगी, पाहुणे, निमंत्रणपत्रिका सगळंच अडकतं. पत्रिका छापायच्या आधी हे करा.

---

कसर_नको

जुन्या कागदांबद्दल लिहिते. बांधावरचा दादा, ही खोली उघडाल तेव्हा आधी झाडू मारू नका. धुळीतच कागदाचे तुकडे, तिकिटांचे अर्धुके, पावत्या असतात. एकेक थर उचला, जिथे जे सापडलं त्याचा मोबाइलनं फोटो काढा, मग हलवा. कुठल्या गठ्ठ्यात काय होतं यावरूनच पुढे वर्ष कळतं, कारण हँडबिलावर बहुतेक वेळा तारीख आणि वार असतो, साल नसतं. तारीख-वाराचा मेळ पंचांगात पाहून साल काढता येतं. एक तारीख त्याच वारी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे पन्नास वर्षांत सातेक शक्यता उरतात. त्या छापखान्याच्या नावावरून, तिकिटाच्या दरावरून, नटांच्या यादीवरून छाटायच्या.

लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगते. उष्णतेनं शाई पसरते आणि ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत तपकिरी डाग कायमचा बसतो. हँडबिलं ज्या स्वस्त कागदावर छापत तो आम्लधर्मी असतो, म्हणून कडा तुटतात. आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. घडीवर फाटलं असेल तर मागून पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. फेव्हिकॉल नको. मूळ कागद प्रदर्शनात उन्हात लावू नका. स्कॅन करून मोठी प्रिंट काढा, ती भिंतीवर, मूळ पेटीत.

स्कॅन ६०० डीपीआय, टिफ फाइल. चार बाय सहाचा रंगीत फोटो त्यात २६ एमबीच्या आसपास होतो, म्हणजे पाचशे फोटो १३ जीबी. हे काही फार नाही. तीन प्रती ठेवा : एक भवनात, एक दुसऱ्या गावात कुणाकडे, एक ऑनलाइन. पेन ड्राइव्ह ही प्रत मोजू नका. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहिलं तर खड्डा पुढून दिसतो, मऊ २बी पेन्सिलनं कडेला फक्त क्रमांक लिहा, बाकी माहिती वहीत.

कॅसेटींत सर्वात मोठा धोका बुरशीचा. कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला पसरते. त्या वेगळ्या पिशवीत. चांगल्या कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटतात. दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून तिरकेपणा जुळवा, तिखट सूर एकदम खुलतात. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एक तासाला एक जीबी लागतो. कॅसेटीच्या आत हेडसमोर स्पंजची बारकी गादी असते, तिचा गोंद सुकून ती गळते आणि आवाज गायब होतो. सुट्या स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून रिळं तिच्यात बसवा, काम झालं.

प्रदर्शनात एक भिंत ओळख पटवण्याची ठेवा. अनोळखी फोटोंच्या झेरॉक्स लावा, प्रत्येकाखाली क्रमांक आणि रिकामी जागा, दोरीला पेन्सिल. बाजूला एक तरुण मुलगी किंवा मुलगा वही घेऊन बसवा, कारण ज्यांना सर्वात जास्त माहिती असते ते बहुतेकदा लिहीत नाहीत, बोलतात. मुलाखती घ्याल तेव्हा "आठवणी सांगा" म्हणू नका, दोन मिनिटांत संपतं. नेमकं विचारा : त्या नाटकात उजेड कशाचा होता, गॅसबत्त्या किती, वारा सुटल्यावर काय करायचे? पडदा कुणी रंगवला, रंग कशात कालवला? बाईची भूमिका कोण करत असे, लुगडं कुणाचं आणायचे? मुलाखतीआधी सही किंवा अंगठा घेऊन लेखी संमती घ्या, कुठे वापरणार ते सांगून.

आणखी एक. चिमूर तुमच्या शेजारी आहे. १९४२ च्या ऑगस्टमधल्या चिमूरच्या उठावामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. खंजिरी भजनाच्या कार्यक्रमाशेजारीच याचा एक फलक लावा, भजन नुसतं मनोरंजन नव्हतं हे मुलांना कळेल. पोळ्याच्या झडत्यांचाही (पोळ्याला म्हणायच्या यमकातल्या ओळींचाही) कोपरा करा. आजही वयस्क शेतकऱ्यांच्या तोंडी त्या आहेत, आणि लिहून घेतलेल्या फार थोड्या.

---

फेज_न्यूट्रल

विजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. हॅलोजनचे जुने सोळा पार (मंचावरचे झोतदिवे) म्हणजे सोळा किलोवॅट. एलईडीचे सोळा साधारण तीन. भाड्यानं एलईडीच सांगा. साउंड चार, पटांगणातले फ्लडलाइट सव्वा, मेकअप खोली आणि किरकोळ एक : सगळं मिळून नऊ-साडेनऊ किलोवॅट. भवनाचा मंजूर भार बिलावर पाहा, कमी असेल तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज महिनाभर आधी.

जनरेटर २५ केव्हीएचा घ्या, त्यातून २० किलोवॅट मिळतात. तुमचा भार त्याच्या निम्म्याला येतो, तीच योग्य जागा. फार मोठा जनरेटर तीस टक्क्यांच्या खाली चालवला तर डिझेल नीट जळत नाही, धूर आणि काजळी. केबल चार-कोर, १० चौरस मिलिमीटर तांब्याची, न्यूट्रल तेवढीच जाड. न्यूट्रल कुठे सैल झाली तर एका फेजवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज चढतं आणि मिक्सर, लाइट सगळं एका क्षणात जळतं. म्हणून प्रत्येक जोड लग दाबून, पिळून नव्हे. चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर बदलायचा स्विच) चार पोलचा. साउंड एका फेजवर, दिवे दुसऱ्या दोन्हींवर, नाहीतर डिमरची गुणगुण स्पीकरमधून येते.

ती गुणगुण घालवायला मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायची पद्धत आहे. ती जीवघेणी आहे, गायकाच्या तोंडाला माइक लागतो तेव्हा करंट बसतो. गुणगुण डीआय बॉक्सनं (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये जोडायच्या डबीनं) काढा. अर्थिंगचे खड्डे जानेवारीत कोरडे असतात, चार दिवस आधीपासून रोज दोन बादल्या पाणी ओता आणि टेस्टरनं मोजून पाच ओहमच्या खाली आल्याची खात्री करा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, पटांगणातल्या ओल्या मातीवर ती अत्यावश्यक.

जनरेटर भवनापासून शंभर फूट, नैर्ऋत्येला. जानेवारीत वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो, म्हणजे धूर आणि आवाज प्रेक्षकांपासून दूर जातो. डिझेल भरताना इंजिन बंद, आणि ते अंक बदलतानाच.